शहाने मागे काय उरू दिले?

इराणची बातमी आली की आपल्याकडे ठरलेली दोन छायाचित्रे फिरू लागतात. एका बाजूला सत्तरच्या दशकातल्या तेहरानमधल्या, आखूड स्कर्ट घातलेल्या हसऱ्या मुली. दुसऱ्या बाजूला नखशिखान्त काळ्या चादरीतल्या बायका. 'आधी' आणि 'नंतर'. तेवढ्या भांडवलावर शहा मोहम्मद रझा पहलवीचा काळ म्हणजे सुवर्णयुग असा निकाल लागतो. मग दुसरा गट बाह्या सरसावतो: शहा अमेरिकेचा हस्तक होता, त्याच्या 'सावाक' या गुप्त पोलिसांनी लाखो माणसे मारली, क्रांती झाली ते बरेच झाले. पुढे आकड्यांची फेकाफेक. दोन्ही गट एक गोष्ट गृहीत धरून चालतात: राजवटीचा न्याय प्रेते मोजून करायचा, आणि ज्याची बेरीज कमी तो चांगला. माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या वहीत मांडला जातो आहे. शहाची राजवट तिच्यानंतर आलेल्या धर्मगुरूंच्या राजवटीपेक्षा कमी रक्तपिपासू होती, हे खरे आहे. तरीही १९७९ च्या क्रांतीनंतर जे झाले त्याच्या जबाबदारीतून तिची सुटका होत नाही. पंचवीस वर्षे तिने निवडून निवडून ती माणसे चिरडली जी कायद्याच्या आणि राज्यघटनेच्या भाषेत बोलत होती. शहाने किती मारले याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शहाने कोणाला उरू दिले हा प्रश्न विचारायला हवा.

पण आधी आकडे, कारण शहाच्या विरोधकांनी त्यांची फार वाईट अवस्था करून ठेवली आहे. इस्लामी प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकातच क्रांतीत साठ हजारांहून अधिक हुतात्मे झाले असे लिहिले आहे. पुढे इमादुद्दीन बाघी या इराणी अभ्यासकाने खुद्द सरकारी हुतात्मा प्रतिष्ठानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९६३ पासून १९७९ पर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून आकडा निघाला ३,१६४. ८ सप्टेंबर १९७८ रोजी तेहरानच्या जालेह चौकात लष्कराने जमावावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी हजारो मेले असे तेव्हा जगभर छापून आले होते. बाघींच्या मोजणीनुसार चौकात ६४ आणि शहरात इतरत्र २४. एरवंद अब्राहमियन या इतिहासकाराने १९७१ ते १९७७ या काळात जीव गमावलेल्या सशस्त्र बंडखोरांचा आणि राजकीय कैद्यांचा तपशील मांडला आहे. एकूण ३४१. त्यांतले १७७ चकमकीत, ९१ मृत्युदंडाने, ४२ यातना देताना, १५ अटकेनंतर बेपत्ता, ७ आत्महत्येने, ९ 'पळून जाताना'. याच्या शेजारी पुढच्या राजवटीचे खाते ठेवा. जून १९८१ पासूनच्या चारच वर्षांत सुमारे आठ हजारांना मृत्युदंड, आणि १९८८ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत हजारो कैद्यांना फाशी. खटला म्हणजे दोन-चार प्रश्न, आणि प्रेते तेहरानजवळच्या खावरानसारख्या जागी बेनाव खड्ड्यांत.

तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ, यात वाद नाही. ज्यांना तो वाद अजून घालायचा आहे त्यांनी १९८८ मध्ये मेलेल्यांच्या आयांसमोर तो घालावा. पण हा दगड आला कुठून, याचे उत्तर त्या म्हणीत मिळत नाही.

ते शोधायला ऑगस्ट १९५३ पर्यंत मागे जावे लागते. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांचे सरकार अमेरिकी आणि ब्रिटिश हेरखात्यांच्या मदतीने उलथवले गेले, आणि देश सोडून पळालेला शहा रोमहून परत आला. मोसादेघ काही राजेशाही बुडवायला निघालेले क्रांतिकारक नव्हते. शहाने राज्य करू नये, राजा म्हणून राहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि १९०६ च्या घटनेचा आत्माही तोच होता. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, तीन वर्षे तुरुंग झाला आणि नंतर मरेपर्यंत अहमदाबाद या गावी स्वतःच्याच घरात नजरकैद. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना नोव्हेंबर १९५४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. मोसादेघ १९६७ मध्ये वारले. जुलै १९५२ मध्ये आपल्या बाजूने रस्त्यावर उतरून मेलेल्या लोकांशेजारी आपल्याला पुरावे, ही त्यांची इच्छा होती. शहाने परवानगी दिली नाही. शेवटी घरातल्याच एका खोलीची फरशी उकरून त्यांना तिथे पुरले. जवळपास चौदा वर्षे कैदेत काढलेल्या पंच्याऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या थडग्याची ज्या राजाला भीती वाटते, त्याच्या लेखी विरोधाला जागा किती असेल?

१९५७ मध्ये अमेरिकी आणि इस्रायली गुप्तचरांच्या साहाय्याने सावाक उभी राहिली. पण मला तिच्या यातनागृहांहून एक खटला अधिक महत्त्वाचा वाटतो. मेहदी बाझरगान हे अभियंते, प्राध्यापक, नमाजी पण सूट घालणारे गृहस्थ. मोसादेघ यांचे अनुयायी. १९६१ मध्ये त्यांनी इतरांसह 'स्वातंत्र्य चळवळ' नावाचा पक्ष काढला आणि घटनेप्रमाणे राज्य चालवा, निवडणुका नीट घ्या, अशी मागणी केली. १९६३ मध्ये त्यांना पकडले, लष्करी न्यायालयासमोर उभे केले, दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तिथे त्यांनी न्यायाधीशांना जे सांगितले ते इराणच्या राजकारणात पुढे अनेकांनी उद्धृत केले आहे. त्याचा आशय असा: घटनेच्या चौकटीत राहून राजकारण करणारे आम्ही शेवटचे लोक आहोत, हे आपल्या वरिष्ठांना कळवा. धमकी नव्हती ती. सभ्य माणसाने दिलेली पूर्वसूचना होती. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, त्यांच्याच पक्षातून बाहेर पडलेल्या तीन तरुणांनी 'मुजाहिदीन-ए-खल्क' ही सशस्त्र संघटना स्थापन केली.

शहाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो पोकळ नाही: समोर बंदूकधारी होते, मग सरकारने काय करायचे होते? जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान हसन अली मन्सूर यांचा धर्मांध गटाने खून केला होता. त्याच वर्षी शहावरही गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी १९७१ मध्ये सियाहकल इथल्या पोलीसचौकीवर डाव्या गनिमांनी हल्ला केला, पुढे अमेरिकी लष्करी अधिकारी मारले गेले. अशा वेळी कोणतेही सरकार हातावर हात धरून बसणार नाही, बसूही नये. पण क्रम पाहा. पक्ष आधी बंद झाले, चौकीवरचा हल्ला नंतर. बाझरगान आधी तुरुंगात गेले, त्यांचे विद्यार्थी भूमिगत नंतर झाले. सनदशीर मार्गाला टाळे ठोकायचे आणि मग विरोधक सनदशीर नाहीत म्हणून त्यांना ठेचायचे, हे चक्र एकदा फिरू लागले की ते दर फेरीला स्वतःचे समर्थन स्वतःच तयार करते. दरोडेखोर पकडण्यासाठी म्हणून बांधलेला तुरुंग मग कवी, विद्यार्थी आणि पुस्तके बाळगणाऱ्यांनी भरतो.

शिवाय बंदूकधाऱ्यांनाही सरकारने कसे वागवले? वरच्या हिशेबातले 'पळून जाताना' मेलेले नऊ जण घ्या. एप्रिल १९७५ मध्ये एविन तुरुंगातले नऊ राजकीय कैदी पळून जाण्याचा प्रयत्न करताना ठार झाले, असे वृत्तपत्रांत छापून आले. त्यांत डाव्या गनिमांचा विचारवंत बिझान जझानी होता. तो तर सियाहकलच्या हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून तुरुंगात होता. बहुतेकांना शिक्षा होऊन वर्षे लोटली होती. क्रांतीनंतर 'तेहरानी' या टोपणनावाने कुप्रसिद्ध असलेल्या सावाकच्या एका चौकशी अधिकाऱ्याने सांगितले की त्यांना डोळे बांधून, हातकड्या घालून तुरुंगामागच्या टेकडीवर नेले आणि गोळ्या घातल्या. ही साक्ष क्रांती न्यायालयासमोरची, म्हणजे फासाच्या सावलीतली, तेव्हा ती जपूनच वाचावी. पण नऊच्या नऊ कैदी एकदम पळतात, नऊच्या नऊ मरतात आणि जखमी एकही सापडत नाही, या सरकारी कथेवर विश्वास ठेवायला त्याहून पुष्कळ मोठी श्रद्धा लागते.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शहाने उरलेसुरले, सरकारच्याच पंखाखालचे पक्षही मोडीत काढून 'रस्ताखीज' हा एकमेव पक्ष जाहीर केला. ज्याला राजेशाही, घटना आणि 'श्वेत क्रांती' हा शहाचा सुधारणांचा कार्यक्रम मान्य नसेल त्याने एक तर तुरुंगात जावे नाहीतर पासपोर्ट घेऊन देश सोडावा, असेही सांगून टाकले. गंमत म्हणजे १९६१ मध्ये याच गृहस्थाने लिहिले होते की आपण हुकूमशहा असतो तर हिटलरसारखा किंवा कम्युनिस्टांसारखा एकच पक्ष ठेवला असता. पुढच्या वर्षी दिनदर्शिकाही बदलली. हिजरी सन जाऊन सायरसच्या राज्यारोहणापासूनचे शाही सन आले आणि १३५५ साल बघता बघता २५३५ झाले. तेलाचा पैसा इतका आला होता की इतिहासही विकत घेता येईल असे वाटू लागले असावे.

या सगळ्यात एक जागा मात्र बंद करता आली नाही: मशीद. पक्षाचे कार्यालय सील करता येते, वृत्तपत्राचा परवाना काढून घेता येतो, कामगार संघटनेत आपली माणसे घुसवता येतात. गावोगावच्या मशिदी, त्यांचे वर्गणीचे पैसे, मोहरमचे ताजिये, चाळिसाव्याचा शोक, हे कोणत्या वटहुकुमाने बंद करणार? आणि कम्युनिस्टांची धास्ती घेतलेल्या राजवटीला धर्मगुरू कित्येक वर्षे तर उपयोगीच वाटत होते. १९५३ च्या उलथापालथीत अनेक वजनदार धर्मगुरू शहाच्याच बाजूने उभे राहिले होते. जानेवारी १९७८ मध्ये एका वृत्तपत्रात हद्दपार धर्मगुरू खोमेनी यांची निंदा करणारा लेख छापून आला, कोम शहरात निदर्शने झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. चाळिसाव्या दिवशी तबरीझमध्ये शोकसभेची दंगल झाली, पुन्हा माणसे मेली. त्यांचा चाळिसावा यझ्दमध्ये. सरकारच्या प्रत्येक गोळीने पुढच्या मोर्चाची तारीख ठरवून दिली. ही दिनदर्शिका शहाला बदलता आली नाही.

यावर कोणी म्हणेल की मुल्ला तरीही आलेच असते, इराणी समाजच तसा. हा युक्तिवाद मला आळशी वाटतो. १९६० च्या सुमारास इराणमधले सर्वांत ज्येष्ठ शिया धर्मगुरू बोरुजेर्दी होते, आणि धर्मगुरूंनी राजकारणापासून लांब राहावे असे त्यांचे मत होते. खुद्द धर्मगुरूंमध्येच खोमेनी हा अल्पमतातला आवाज होता. त्याला पोकळी मिळाली म्हणून तो देशाचा आवाज झाला.

आणि दडपशाही केली की क्रांती होतेच, असाही माझा दावा नाही. मोरोक्कोचे उदाहरण समोर आहे. राजा हसन दुसरा याचा काळ तिथे 'शिशाची वर्षे' म्हणून ओळखला जातो. १९६५ मध्ये विरोधी नेता मेहदी बेन बरका पॅरिसच्या रस्त्यावरून उचलला गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. बंडात सामील झालेल्या ५८ सैनिकांना ताझमामार्तच्या अंधाऱ्या कोठड्यांत १९७३ पासून १९९१ पर्यंत डांबले होते. निम्म्याहून अधिक आतच मेले. यातनांच्या बाबतीत हसन शहाला हार जाणारा नव्हता. तरी त्याचे राज्य टिकले, मुलाकडे गेले. याची कारणे अनेक असतील. त्यांतले एक असे की मारहाण, अटका, निवडणुकीतली लबाडी सगळे करूनही त्याने जुने पक्ष पुरते संपवले नाहीत. इस्तिक्लाल हा राष्ट्रवादी पक्ष राहिला, समाजवादी राहिले. १९९८ मध्ये वर्षानुवर्षे परदेशात काढलेले समाजवादी नेते अब्दुर्रहमान युसूफी पंतप्रधान झाले, ते हसनच्याच हातून. वाटाघाटीला समोर कोणीतरी होते. आपल्याकडच्या आणीबाणीकडेही याच नजरेने पाहता येते. नेते तुरुंगात गेले, पण पक्ष मेले नाहीत. म्हणून १९७७ मध्ये निवडणूक जाहीर होताच काही आठवड्यांत पर्याय उभा राहू शकला.

शहाने असा माणूस शोधला तो डिसेंबर १९७८ अखेर, घर जळायला लागल्यावर. शापूर बख्तियार. मोसादेघ यांच्या सरकारातले उपमंत्री, नंतर शहाच्या तुरुंगाची अनेकदा हवा खाल्लेले. त्यांच्या वडिलांना तर शहाच्या वडिलांनी १९३४ मध्ये मृत्युदंड दिला होता. पंतप्रधान होताच त्यांनी सावाक बरखास्त करण्याचे, राजकीय कैदी सोडण्याचे, वृत्तपत्रे मोकळी करण्याचे काम हाती घेतले. मिळाले किती दिवस? सदतीस. इथे दुसऱ्या बाजूचा सर्वांत बोचरा मुद्दा येतो: बख्तियार यांना त्यांच्याच, मोसादेघ यांच्या वारशाच्या 'राष्ट्रीय आघाडी'ने पक्षातून काढले, आघाडीचे नेते करीम संजाबी पॅरिसला जाऊन खोमेनींशी हातमिळवणी करून आले होते, आणि बाझरगान तर खोमेनींचे पहिले पंतप्रधान झाले. म्हणजे उदारमतवाद्यांनी स्वतःहून मुल्लांची पालखी उचलली. खरे आहे. त्यांची चूक अक्षम्य होती, डाव्यांची तर त्याहून मोठी. पण पंचवीस वर्षे ज्यांना सभा घेता आली नाही, पत्रक काढता आले नाही, कार्यकर्ता तयार करता आला नाही, त्यांच्याकडे खोमेनींशी बरोबरीने बोलायला होते काय? नावे होती, संघटना नव्हती. बाझरगान नऊ महिन्यांत राजीनामा देऊन मोकळे झाले. बख्तियार १९९१ मध्ये पॅरिसजवळ स्वतःच्या घरात मारले गेले. दोघांनाही ज्यांनी संपवले ते नवे होते. दोघांनाही ज्याने आधी दुबळे केले तो शहाच होता.

आता त्या स्कर्टवाल्या मुली. त्यांना हसण्यावारी नेणारे डावे मला आवडत नाहीत. १९६३ चा मताधिकार, १९६७ चा कुटुंब संरक्षण कायदा, न्यायालयाशिवाय तलाक नाही, दुसऱ्या लग्नावर अंकुश, ही खरी कमाई होती. फर्रुखरू पारसा या पहिल्या महिला मंत्र्याला १९८० मध्ये नव्या राजवटीने ठार केले, तेवढ्यावरूनच दोन राजवटींतला फरक दिसतो. पण ही कमाई दरबाराच्या तिजोरीत ठेवलेली होती. स्त्रियांची देशव्यापी संघटना होती, तिची अध्यक्ष शहाची जुळी बहीण अशरफ. स्वतंत्र संघटना टिकू दिल्या नव्हत्या. राजा गेल्यावर दीड महिन्याच्या आत खोमेनींच्या एका आदेशाने कुटुंब कायदा बाजूला सारला गेला. ८ मार्च १९७९ ला हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या, शूरपणे, पण जवळपास एकट्या. त्याही मागे जायचे तर १९३६ मध्ये शहाच्या वडिलांनी, रझा शहाने, बुरख्यावर बंदी आणली होती आणि पोलीस भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढत होते. १९८३ च्या कायद्याने केस दिसले तर फटके ठरवले. बाईच्या डोक्यावर काय असावे हे शिपाई ठरवणार, ही प्रथा पाडली कोणी?

यंत्रणाही वारशाने गेली, अक्षरशः विटांसकट. एविन शहाने बांधला. तिथल्या ऐंशीच्या दशकातल्या कत्तलींशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो असदुल्ला लाजेवर्दी शहाच्या तुरुंगात वर्षे काढून आलेला होता. तेहरानच्या मध्यवस्तीतला रझा शहाच्या काळात बांधलेला तुरुंग सत्तरच्या दशकात दहशतवादविरोधी संयुक्त समितीचे यातनागृह होता. आज तिथे 'इबरत' नावाचे संग्रहालय आहे. मेणाचे पुतळे, टाय लावलेले सावाकचे अधिकारी, टांगलेले कैदी, पुढे देशाचे सर्वोच्च नेते झालेल्या अली खामेनेई यांना जिथे ठेवले होते ती कोठडी, असे सगळे नीट मांडलेले. मांडलेले नाही ते एवढेच, की १९७९ नंतरही त्याच इमारतीत, 'तौहीद' या नव्या नावाने, वीस वर्षे तुरुंग चालू होता.

हा सगळा हिशेब जुना झाला असता तर मीही तो इतिहासकारांवर सोडला असता. पण २०१७-१८ च्या निदर्शनांपासून इराणमध्ये रझा शहाच्या नावाच्या घोषणा पुन्हा ऐकू येऊ लागल्या, आणि परदेशस्थ इराण्यांत शहाचा मुलगा रझा पहलवी याच्याभोवती मोठा गट जमला आहे. मुल्लांना कंटाळलेल्या माणसाला जुना राजा आठवतो, यात नवल नाही. स्वतः पहलवी लोकशाहीच्या, सार्वमताच्या गोष्टी करतो, आणि त्याच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण नाही. मला त्याच्या समर्थकांविषयी विचारायचे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका निदर्शनात परवेझ साबेती हजर असल्याचे छायाचित्र समोर आले. हा सावाकच्या अंतर्गत सुरक्षा विभागाचा प्रमुख. चार दशके पडद्याआड राहिला होता. यावर राजनिष्ठांपैकी बऱ्याच जणांना लाज वाटण्याऐवजी स्फुरण चढले. त्याच काळात एक घोषणा लोकप्रिय झाली: तीन भ्रष्टांचा नायनाट होवो, मुल्ला, डावा आणि मुजाहिद. मुल्लांचे समजू शकतो. सत्ता त्यांच्या हातात आहे. पण ज्या डाव्यांना आधी शहाने आणि नंतर खोमेनींनी फासावर चढवले, त्यांची मुलेबाळे पुढच्या राज्याच्या यादीत पुन्हा आहेतच?

म्हणून इराणमध्ये राजा हवा की अध्यक्ष, या वादात मला फारसा रस नाही. स्पेनमध्ये राजा आहे आणि लोक सुखाने सरकार पाडतात. रझा पहलवीच्या समर्थकांना प्रश्न वेगळे विचारायला हवेत: एविनच्या चाव्या कोणाकडे असतील, साबेतीवर खटला चालेल की त्याचा सत्कार होईल, आणि मोसादेघ यांना त्यांनी मागितलेल्या जागी पुरायला परवानगी मिळेल का?